वरचं एक लिटर

जुन्या स्पोर्ट्स कारची एक खोड असते. सरळ रस्त्यावर ती लाडात येऊन धावते आणि लांबलचक वळणावर दगा देते. खरं म्हणजे दोष गाडीचा नसतो, तेलाचा असतो. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं जे भांडं असतं त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. पाण्याने भरलेली परात हातात घेऊन गर्रकन वळलं की पाणी जसं एका काठाला चढतं, तसं चेंबरमधलं तेल वेगात वळताना एका भिंतीवर चढून बसतं. तेल ओढणारी नळी मधोमध उभी असते, ती बिचारी हवा ओढत राहते. आणि इंजिन नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त जोर लावत असतं. चार क्षण कोरडं फिरलं की बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग गेलं की मग कुणाच्याही नावाने खडे फोडा, उपयोग शून्य.

हे सगळं काकीला तोंडपाठ होतं. काकी म्हणजे एका गॅरेजची अर्धी मालकीण आणि पूर्ण डोकं. इंजिनं ती बांधायची. उरलेला अर्धा मालक तिचा नवरा, ज्याला घरच्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद तरुणपणी स्वतः शर्यतीत गाड्या पळवत. गाडी सुटली तरी हातातला पाना सुटला नाही. आता गाडी जावई पळवायचा. तो मुळात गिऱ्हाईक म्हणून आला होता, गाडी दुरुस्त करून घेता घेता लेकीला घेऊन गेला, आणि मग गाडीसकट परत गॅरेजातच येऊन बसला. "एक रुपया न घेता जावई नि गाडी दोन्ही गळ्यात पडले," असं उस्ताद कौतुकाने सांगत.

तेलाच्या या पळपुटेपणावर उस्तादांचा इलाज सोपा होता. मापापेक्षा एक लिटर जास्त घालायचं. त्यांच्या वेळचे सगळेच ड्रायव्हर तसं करत आणि त्याला 'वरचं एक लिटर' म्हणत. भांड्यात जास्त असलं म्हणजे वळणावरही नळीच्या तोंडाशी थोडंफार उरतं, असा साधा हिशेब. गाडीत तेल भरणं हे त्यांचंच काम. शर्यतीच्या सकाळी, कुणी उठायच्या आत, उस्ताद नरसाळं लावायचे आणि डबा त्यात उपडा धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत उभे राहायचे. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

पण या गाडीला काकीने चेंबरच नवं बांधलं होतं. जावयाने आणलेले नवे टायर रस्त्याला घोरपडीसारखे चिकटत, आणि टायर जितका चिकटणार तितकं वळणावर तेल भिंतीवर चढणार. म्हणून तिने नळीभोवती पत्र्याची चौकट उभी केली आणि चौकटीला बिजागरीच्या छोट्या झडपा लावल्या. तेल आत येताना झडप उघडते, बाहेर निघालं की आपटून बंद होते. "आत यायचं, बाहेर पडायचं नाही. जुन्या काळच्या सुनेसारखं," असं ती म्हणायची. अशा चेंबरला वरचं लिटर म्हणजे विष. पातळी वाढली की वर फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, तेलात बुडतो, तेल घुसळून त्याचा फेस होतो, आणि पंपाच्या दृष्टीने फेस काय नि हवा काय, सारखंच. माप म्हणजे माप, थेंब कमी नको की जास्त नको.

हे तिने उस्तादांना समजावून सांगितलं होतं. चेंबर उलटं करून झडपा बोटाने हलवून दाखवल्या होत्या. उस्तादांनी मान डोलावली, "झकास" म्हणाले, आणि पुढच्याच सरावाला परत नरसाळं लावून उभे. काकी चिडली. जित्याची खोड, दुसरं काय, असं तिला वाटलं. तिने पुन्हा समजावलं. उस्तादांनी पुन्हा तितक्याच नवलाने झडपा हलवून पाहिल्या आणि विचारलं, "कधी बांधलंस हे?"

 हट्टी माणसाशी भांडता येतं. ज्याला बोलणं झाल्याचंच आठवत नाही त्याच्याशी काय भांडणार?

मग तिला एकेक दिसायला लागलं. चाकाचे नट आवळताना उस्ताद मध्येच थांबत, कुठला आवळला नि कुठला राहिला ते हरवून बसत, आणि कुणी पाहत नाही ना अशी नजर टाकत. हातात पाना धरून पाना शोधत. एक गोष्ट सकाळी सांगून संध्याकाळी पुन्हा सांगत, तेही त्याच जागी हसून. लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हातारी माणसं सांगतातच तेच तेच. काकीला मात्र इंजिनाचा बदललेला आवाज भिंतीपलीकडून कळायचा, आणि हा तर तिच्या शेजारी झोपणारा माणूस होता.

तिने कुणालाही सांगितलं नाही. लेकीला नाही, जावयाला तर नाहीच. ती फक्त मागे फिरू लागली. उस्तादांनी आवळलेला नट, ते जेवायला वळले की, ती पुन्हा आवळायची. त्यांनी लावलेला कार्ब्युरेटर उघडून परत लावायची. उस्तादांच्या हाताला नाव होतं. लांबून लांबून माणसं त्यांच्या हातचं काम मागत येत. ते नाव गेलं, किंवा ते गेल्याचं त्यांना स्वतःला कळलं, तर हा माणूस जाग्यावर बसेल आणि पुन्हा उठणार नाही, याची तिला खात्री होती. आणि दुसऱ्या बाजूला, त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीत तिच्या लेकीचा नवरा बसत होता. या दोन भीतींच्या मध्ये ती गेले कित्येक महिने तारेवरची कसरत करत होती.

शर्यतीच्या दिवशी ऊन लवकर तापलं. प्रत्येक गाडीला ट्रॅकच्या कडेला एकेक पत्र्याची शेड मिळाली होती. शेजारच्या शेडमध्ये एक लाल गाडी, पलीकडे एक पांढरी, सगळ्याच प्रौढ माणसाच्या वयाच्या. जावयाने इंजिन तापवून घेतलं होतं. उस्ताद खुर्ची टाकून बॉनेटशेजारी बसले होते आणि शेजारच्या मेकॅनिकला पुढच्या उजव्या वळणाबद्दल सांगत होते, की तिथे त्यांनी एकदा इंजिन कसं खाल्लं आणि मालकाने त्यांना कसं खाल्लं. वळण खरंच वाईट होतं. लांब, चढतं, आणि संपता संपत नाही असं. लेक शर्यतीला कधी येत नसे. संपली की फोन करा, एवढंच तिचं म्हणणं.

काकी फडकं घ्यायला गाडीच्या मागे गेली आणि व्हॅनच्या दारात तिला तेलाचा लिटरचा रिकामा डबा दिसला. झाकणाची तुटलेली कडी शेजारीच पडली होती. डब्यात थेंब नव्हता. इतका निथळलेला डबा या जगात एकच माणूस ठेवू शकत होता.

आता काय करायचं? विचारायचं, तर शेजारच्या शेडमधली चार माणसं कान टवकारून बसलेली. आणि विचारून मिळणार काय, तर "मी? छे." ते खोटं बोलले नसते, पण खरंही बोलले नसते. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, काढून बघावी, तर इंजिन आत्ता बंद केलेलं, अर्धं तेल वर इंजिनाच्या डोक्यात नि तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये, गाडी उतारावर उभी. अशा वेळी ती काडी काहीही सांगते. थंड व्हायची वाट बघायला वेळ नव्हता, कारण गाड्या रांगेत लावायची घोषणा व्हायची होती. डबा मात्र खरा होता. डबा खोटं सांगत नाही, असं काकीला वाटलं.

तिने जावयाला हेल्मेटची काच पुसायला पिटाळलं. उस्तादांना म्हणाली, घसा सुकलाय, तेवढा चहा आणा. उस्ताद लगेच उठले. असं काही आणायला सांगितलं की हल्ली त्यांना फार बरं वाटायचं. ते वळताच ती गाडीखाली सरकली, तेल सोडायच्या ड्रेन प्लगला तो सैल होऊ नये म्हणून पिळलेली तार कापली, प्लग ढिला केला. गरम तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तिने ओठ दाबून धरला, मापाच्या डब्यात लिटरभर तेल घेतलं, प्लग आवळला, नवी तार पिळली. बाहेर आली तेव्हा बाही खाली ओढलेली होती आणि तेल टाकाऊ तेलाच्या पिंपात गेलं होतं. उस्ताद चहा घेऊन आले. दोनच कप आणले होते आणि साखर विसरले होते. चहा छान आहे, असं ती म्हणाली.

गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत जावई मागच्या घोळक्यात होता, दुसरीत त्याने लाल गाडीला मागे टाकलं. उस्ताद कठड्याला टेकून डोळे मिटून ऐकत होते. इंजिनाचा आवाज ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही गोंधळ नसायचा. "तिसरा गिअर लवकर टाकतोय," ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. काकीला क्षणभर वाटलं की सगळं आहे तसंच आहे, आपल्यालाच वेड लागलंय.

मग गाडी त्या उजव्या वळणात शिरली आणि आवाज बदलला. आधी किंचित कोरडा झाला, कुणी दाताने पत्रा चावावा तसा. त्यामागून ठोका. उस्तादांनी डोळे उघडले. दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं, कारण तो ठोका कशाचा हे त्या दोघांना सांगायला कुणी नको होतं. पुढच्या क्षणी इंजिन बंद झालं. गाडी वळणाच्या मध्यावर, बिनआवाजाची, तिरकी सरकत निघाली. मागून येणाऱ्या पांढऱ्या गाडीने कसंबसं स्वतःला बाहेर खेचलं. दोन गाड्यांच्या मध्ये माणूस आडवा झोपेल एवढीही जागा उरली नव्हती. जावई गवतात जाऊन थांबला, उतरला, आणि हात वर करून आपण ठीक असल्याचं दाखवलं. तो हात दिसल्यावरच काकीने कठडा सोडला.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. जावई पांढराफटक पडला होता, पण धडधाकट होता. तेलाच्या प्रेशरचा काटा वळणात धपकन खाली आला, एवढं त्याने सांगितलं. दिसल्या दिसल्या क्लच दाबून इंजिन बंद केलं म्हणून, नाहीतर चाकं जाम होऊन उलटलाच असता. काकीला काही कळेना. तिच्या झडपा फसल्या? तिने हजारदा हलवून पाहिल्या होत्या. पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर येऊन चार शब्द सुनावून गेला, ते तिने मुकाट ऐकले. तोवर इंजिन निवलं होतं. उस्तादांनी डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली. पुन्हा पुसली. तीनदा तसं केलं. काडीचं टोक जेमतेम ओलं होतं. खालच्या खुणेपर्यंतही तेल नव्हतं.

चेंबर कुठून गळलेलं नव्हतं. फरशी कोरडी होती.

उस्ताद काडी हातात धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मी तेल घातलंच नाही."

 शेजारच्या शेडमधली माणसंही बघत होती.

"हल्ली होतं माझं असं," उस्ताद म्हणाले. "मला कळतं. तुम्हाला वाटतं मला कळत नाही. आज पोराला मारलं असतं मी." त्यांनी काडी पुसून जागच्या जागी ठेवली, हातमोजे काढले आणि गाडीपासून लांब, शेडच्या टोकाला खुर्ची नेऊन पाठमोरे बसले. यापुढे गाडीला हात लावणार नाही, असं तिथूनच म्हणाले, इतक्या साध्या आवाजात की जणू उद्या पाऊस नाही असं सांगत होते.

काकी त्यांच्याकडे निघाली तेव्हा जावयाने तिची बाही धरली आणि तिला व्हॅनच्या आड नेलं.  सकाळी त्याने डिपस्टिक पाहिली होती, तो म्हणाला. गाडी थंड होती, सपाटीवर होती. तेल वरच्या खुणेच्याही पार वर होतं. बाबांनी, म्हणजे उस्तादांनी, नेहमीसारखं वरचं लिटर घातलं होतं. म्हणून त्याने पिचकारीने ते काढून माप बरोबर केलं, आणि मगच इंजिन तापवलं. तो नेहमीच काढायचा. उन्हाळ्याच्या आधीपासून. काकीला कळलं तर ती बाबांना रागावेल, म्हणून कधी बोलला नव्हता. चाकाचे नटही तो घरी जाण्याआधी एकदा आवळून जायचा.

"पण मी माप बरोबर केलं होतं आई. मग तेल गेलं कुठे?"

काकीने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टा उठला होता. जावई बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला कळलं.

एकाने घातलं, दोघांनी काढलं. शहाण्यांच्या घरात हे असं होतं. प्रत्येकजण दुसऱ्याला जपतो आणि तोंड मात्र कुणी उघडत नाही.

जावई सावरला. आवाज खाली आणून म्हणाला, की आई, राहू दे. कधी ना कधी त्यांना हे सांगावंच लागणार होतं, आणि कसं सांगायचं ते आपल्याला जमत नव्हतं. आता ते आपणहून म्हणतायत. गाडीला हात लावणार नाहीत. भांडण नाही, अपमान नाही. "आजचं आपण दोघांनी पोटात ठेवलं तर सगळं आपोआप मार्गी लागेल."

पोरगं वाईट बोलत नव्हतं. खरं तर त्याच्या बोलण्यात काकीची कित्येक महिन्यांची सुटका होती. यापुढे मागे मागे फिरणं नको, चोरून नट आवळणं नको, वळणावर जीव मुठीत धरणं नको. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात ती आता पटाईत झाली होती. तिने शेडच्या टोकाला पाहिलं. उस्ताद पाठमोरे बसले होते. जे हात इतकी वर्षं रिकामे कधी दिसले नव्हते, ते मांडीवर उताणे पडले होते. उद्यापासून हा माणूस रोज सकाळी उठून एकच गोष्ट आठवणार होता, की आपण जावयाला मारायला निघालो होतो. बाकी सगळं विसरेल, पण हे विसरणार नाही. आणि ते खरंही नव्हतं.

"नाही जमायचं," काकी म्हणाली. "जे त्यांनी केलंच नाही ते मी त्यांच्या माथी नाही मारणार."

ती गेली आणि उस्तादांच्या समोर एका जुन्या टायरवर बसली. जावई मागे येऊन उभा राहिला.

"अहो, तुम्ही तेल घातलं होतं," ती म्हणाली. "सकाळीच. वरच्या लिटरसकट. याने एक लिटर काढलं. मला ठाऊक नव्हतं. मग मी एक लिटर काढलं. गाडी आमच्यामुळे कोरडी पडली. तुमच्यामुळे नाही."

उस्तादांच्या चेहऱ्यावर आधी निखळ आनंद आला. "म्हणजे मी घातलं होतं?" ते म्हणाले. "बघ, मला वाटलंच, नरसाळं धरल्याचं हाताला आठवत होतं." आणि मग बाकीचं हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचलं. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना काकीला बघवेना, पण तिने नजर हटवली नाही.

"का काढलंत?"

"या चेंबरला जास्त चालत नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"बऱ्याचदा."

उस्तादांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, आणखी काय काय काढता, काय काय घालता माझ्या मागून. तिने सांगितलं. आता निम्मं सांगून उपयोग नव्हता. चाकाचे नट, ब्रेकचे पाइप, कार्ब्युरेटर. घरातला गॅस. दाराचं कुलूप. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते, एखाद्या गिऱ्हाइकाने गाडीच्या तक्रारी सांगाव्यात आणि मेकॅनिकने शांतपणे ऐकून घ्याव्यात, तशी. त्यांनी वर जावयाकडे पाहिलं. "तूपण?" जावयाने मान खाली घातली.

"मला नाही सांगितलंत ते एक वेळ ठीक आहे," उस्ताद म्हणाले. "मी विसरलोच असतो. पण तुम्ही दोघांनी एकमेकांना का नाही सांगितलं?"

  काकीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती चार शेडमधल्या माणसांसमोर, तोंडावर हात न घेता, मोठ्याने रडायला लागली. उस्ताद खुर्चीवरून उठले आणि तिच्याशेजारी टायरवर बसले. टायर दोघांना पुरत नव्हता, म्हणून त्यांनी तिला थोडं सरकायला सांगितलं.